ओवळीचा सांधा

झाड वाचावं असं मला वाटत होतंच. फक्त ते बाईंच्या हातून वाचू नये, असंही वाटत होतं. आता साठीला आले, खोटं कशाला बोलू?

रोह्याला नदीच्या काठी जुनी बाग आहे. तिच्यात मधोमध बकुळीचं झाड आहे. माझ्या माहेरी, जोह्याकडं, त्याला ओवळी म्हणतात. लग्न होऊन नदीपलीकडच्या अष्टमी गावात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नवरा कंपनीत, शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, आणि तो घरी असला की झोपलेला असायचा. बोलायला कुणी नाही. मग उजाडलं की पूल ओलांडून बागेत जायचं, ओवळीखाली पडलेली फुलं वेचायची आणि तिथंच बसून केळीच्या खोडाच्या सोपाच्या दोऱ्यात ओवायची. एक गजरा देवाला, एक माझ्या डोक्यात. फुलं सुकली तरी वास जात नाही, म्हणून सुकलेले गजरे मी साड्यांच्या घडीत ठेवायचे. अशी पस्तीसेक वर्षं गेली. त्या झाडावर माझं नाव लिहिलेलं नव्हतं, पण माझ्या मनात ते माझंच होतं.

आणि मग तीन वर्षांपूर्वी बाई आल्या.

बाईंनी जन्मभर पेणच्या शाळेत शिकवलं. मुलगा इथल्या कंपनीत लागला म्हणून निवृत्त झाल्यावर आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे, मीही म्हणायचे. त्या मला वहिनी म्हणायच्या. उंच, सडसडीत, बोलणं असं स्वच्छ की समोरच्यानं आपोआप सरळ बसावं. आणि वर पेणच्या!

यात चिडायचं काय, असं कुणालाही वाटेल. आमचं जोहे पेणपासून तासाभराच्या आत. गावात घरटी गणपतीचा कारखाना. मूर्ती आम्ही करायच्या, ओल्या मातीत हात आमचे सडायचे, प्लास्टरची धूळ आमच्या नाकात, आणि जगभर नाव काय? पेणचे गणपती! लहान होते तेव्हापासून मला हे खुपतं. त्यात कारखान्यातसुद्धा माझ्या वाट्याला आलं ते सांधे भरायचं काम. डोळ्यांची आखणी माझी चुलत बहीण करायची. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, "काय डोळे काढलेत! जिवंत!" सांधे भरणारीचं नाव कोण घेतो? मूर्तीचा हात दंडाला जिथं जोडतात तिथं प्लास्टर भरायचं, काथ्या घालायचा, घासून एकजीव करायचं. सांधा दिसला तर शिव्या, नाही दिसला तर काहीच नाही. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाला दिसणार नाही. असलं माझं नशीब.

तर बाईंना ओवळी मीच दाखवली. फुलं कधी पडतात, कुठल्या बाजूला जास्त पडतात, दोरा कसा भिजवून घ्यायचा, सगळं मीच शिकवलं. महिनाभरात बाईंनी इमारतीतल्या चार बायकांना शिकवलं, वर्षभरात अख्ख्या बागेला. बायका म्हणू लागल्या, "बाईंची बकुळ." आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्याच. माझ्या अंगाचा असा तिळपापड व्हायचा की गजरा ओवताना सुई बोटात जायची.

नवरा हसायचा. "अगो, झाड काय सवत हाय का तुझी?"

"सवत ती दुसऱ्या मजल्यावर ऱ्हाते," मी म्हणायचे.

मागच्या थंडीत बातमी आली की नगरपालिकेला बाग नवी करायची आहे. चालायला गोल रस्ता आणि व्यायामाची साधनं. आणि ओवळी नेमकी त्या रस्त्यात. शिवाय म्हणे झाड म्हातारं, मोठ्या वादळात एक फांदी मोडली होती, आतून पोकळ असेल तर मुलांच्या अंगावर पडायचं. त्यांची काळजीही काही खोटी नव्हती. पण ओवळी जाणार हे ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही.

बाई मात्र तिसऱ्या दिवशी कामाला लागल्या होत्या. सह्यांचे कागद, 'बकुळ वाचवा' असे फलक, दर रविवारी सकाळी झाडाखाली सभा. संक्रांतीनंतर त्यांनी झाडाखालीच हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून प्रत्येकीला सुकलेल्या बकुळफुलांची पुडी दिली. साडीत फुलं ठेवायची ती माझी युक्ती! माझ्या हातावरही एक पुडी ठेवली आणि वर म्हणाल्या, "वहिनी, साडीत ठेवा हं, वास टिकतो." मी हसले. दात दिसावेत म्हणून हसले, एवढंच.

पण खरं जळले ते त्यांच्या भाषणानं. दर रविवारी बाई खोडावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे पाहा. वादळात इथली फांदी सोलून निघाली होती. आज कुठं दिसते का जखम? झाडानं स्वतःच स्वतःला बरं केलं. निसर्गाची किमया!" लोक टाळ्या वाजवायचे.

निसर्गाची किमया! ती किमया माझी होती.

वादळात फांदी मोडली तेव्हा बाई रोह्यात नव्हत्याच. मी होते. कमरेच्या उंचीला परातीएवढी जखम पडली होती आणि आत हात कोपरापर्यंत जाईल अशी पोकळी. मला ते बघवेना. पावसाळा सरला तेव्हा मी जोह्याला गेले आणि दादाच्या कारखान्यातून प्लास्टर आणि काथ्या घेऊन आले. दादा माझा थोरला भाऊ. त्याला सांगितलं, घराची भिंत फुटलीय. ती जड पिशवी मांडीवर घेऊन पेणवरून एसटीनं आले. बागेचं कुंपण अजून पडलेलंच होतं, माणसांची ये-जा नव्हती. दोन सकाळी खपून मी ती पोकळी भरली. काथ्या भिजवून थर दिला, वर प्लास्टर, पॉलिश पेपरनं घासलं, आणि मग रंग. गेरू, काजळी, थोडा पिवळा, सुक्या ब्रशनं वर पांढुरका हात, सालीच्या भेगा एकेक करून ओढल्या. शेवटी वॉर्निश. मागं सरून बघितलं तर मलाच सांधा सापडेना. आयुष्यात तेवढं सुंदर काम मी दुसरं केलं नाही. दरवर्षी गणपतीला माहेरी गेले की रंग आणायचे आणि उडालेला भाग सावरायचे. कुणाला सांगितलं नाही. विचारल्याशिवाय बागेच्या झाडाला हात लावला म्हणून कुणी बोलेल, अशी भीती होती. पण तोवर ते गुपित गोड होतं. बाई त्याच्यावर भाषण ठोकू लागल्यावर ते कडू झालं.

माघात पाहणी ठरली. वनखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब येणार, झाड तपासणार आणि ते सांगतील तसं होणार. झाड भरीव असेल तर रस्ता वळवायचा, पोकळ असेल तर झाड उतरवायचं. इतकं सरळ.

त्या सकाळी पन्नासेक माणसं जमली होती. साहेबांनी लाकडी हातोडी काढली आणि खोडाभोवती फिरत ठोकू लागले. टक, टक, टक. माझ्या जागेवर आले. टक, टक. भरीव आवाज! प्लास्टर बसतं ते असं बसतं. साहेब म्हणाले, "इथं फांदी मोडली म्हणालात ना? जखम छान मिटलेली दिसते."

बाईंनी हात जोडले. "मी म्हणत होते ना? निसर्गाची किमया!"

टाळ्या पडल्या. साहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. दोन मिनिटं मी तोंड बंद ठेवलं असतं तर झालं असतं काम. पण त्या टाळ्या! माझ्या सांध्याला, माझ्या रंगाला पडलेल्या टाळ्या त्या बाईच्या पदरात जाताना बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"निसर्ग कसला डोंबलाचा!" मी ओरडले. "ते मी भरलंय. ह्या हातांनी!"

सगळे वळले. साहेबांनी विचारलं, "काय भरलंय?"

"प्लास्टर. काथ्या घालून. वर रंग दिलाय. इतकी वर्षं झाली, कुणाच्या बापाला कळलं नाय!"

आणि मी उभी राहिले, मान वर करून. खरं सांगते, मला वाटलं आता टाळ्या पडतील.

साहेबांनी वही मिटली. खिशातून चाकू काढून त्यांनी माझ्या सालीच्या एका भेगेत घातला आणि तिरका दाबला. तळहाताएवढा पापुद्रा सुटला. मागून तपकिरी पाणी ओघळलं आणि नासक्या भातासारखा वास आला. त्यांनी बोट आत घातलं तर लाकूड नव्हतंच, ओला भुगा होता.

"ताई," साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही झाडाचं तोंड बंद केलंत. पाणी आत मुरलं, त्याला बाहेर यायला वाट राहिली नाही. उघडं ठेवलं असतं तर वाऱ्यानं सुकलं असतं आणि झाडानं कडेनं आपली साल आपण आणली असती."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जोह्याच्या पोरीवरच ही म्हण उलटावी!

मागून कुणीतरी म्हणालं, "अवो, मग गप तरी बसायचं! लिहून झालं असतं!" दुसरा म्हणाला, "घातली ना माती सगळ्यात!" जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

तेवढ्यात बाई पुढं आल्या. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. त्या लोकांना म्हणाल्या, "बोलल्या ते बरं झालं. नाहीतर पुढच्या पावसात हे कुणाच्या लेकरावर पडलं असतं, आणि वर आपल्या सगळ्यांच्या सह्या. जखम दिसली की आपण हळद भरतो. यांच्या हाताशी प्लास्टर होतं, यांनी ते भरलं. झाडासाठी आपण कागद भरले, यांनी झाडाला हात लावला."

ओरडणारे मागं सरकले. आणि मी? कुणी दुसरी असती तर तिनं बाईंचे पाय धरले असते. मला मात्र एवढंच कळलं की इथंही बाजी तिनंच मारली. मी चुकले आणि शहाणी ती ठरली. त्या क्षणी मी त्यांचा जेवढा राग केला, तेवढा आधी कधीच केला नव्हता.

साहेबांनी पंधरा दिवस दिले. सगळं प्लास्टर काढायचं, कुजलेलं खरवडायचं, आणि बाहेरची जिवंत भिंत किती जाड उरते ते बघायचं. "सगळीकडून चार बोटं उरली तर झाड ठेवायला सांगीन. कमी पडलं तर माझा इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी जोह्याला गेले. दादा एका मूर्तीच्या दंडाला हात बसवत होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"तू खुळी का काय गो? भिंत फुटली म्हनालीस ती ही?"

"मला वाटलं, सांधा भरला की झालं."

"मूर्ती सुकवायची असते म्हनून प्लास्टर. आपल्या धंद्यात सुकलं की झालं. झाड सुकलं की मेलं. एवढं पन कळू नाय?"

नाही कळलं. जन्मभर ओलं दिसलं की सुकवायचं आणि भेग दिसली की भरायची, एवढंच या हातांना शिकवलं होतं. दादा बडबडत उठला आणि कारखान्यातल्या चांगल्या कोरण्या फडक्यात बांधून दिल्या. मी निघताना म्हणाला, "हळू काढ. जितं लाकूड लागंल तिथं हात आवर."

मी रोज सकाळी जायचे. खाली बसायचं, हात पोकळीत घालायचा, कोरणीनं खरवडायचं. पहिल्या दिवशी एकटी होते. दुसऱ्या दिवशी बाई बादली घेऊन आल्या. कुणी बोलावलं होतं? पण त्या भुगा बादलीत घेऊ लागल्या आणि मला नाही म्हणता येईना, कारण एका हातानं दोन्ही जमत नव्हतं. बाईंना कामाची सवय नाही, पण चिकाटी दांडगी. साडीचा पदर खोचून त्या रोज माझ्याआधी हजर. माझ्याआधी! मग मी आणखी लवकर निघायचे.

चौथ्या दिवशी रंगवलेल्या सालीचा मोठा तुकडा अखंड निघाला. बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "ही साल तुम्ही रंगवलीत?"

"मग काय देवानं?"

"तीन वर्षं मी रोज सकाळी हिच्यावर हात ठेवून नमस्कार करत होते, वहिनी." त्या हसल्याच नाहीत. "मी हा तुकडा घरी ठेवू?"

माझ्या हातचं काम आजवर कुणी मागून घेतलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की त्याचाच राग आला. हे पहिलं कौतुक, आणि तेही या बाईकडून! "ठेवा," मी म्हटलं, आणि तोंड पोकळीत घातलं. डोळे भरले ते त्यांना दिसायला नको होतं.

आठव्या दिवसापासून जिवंत लाकूड लागू लागलं. पिवळसर, घट्ट, कोरणी अडकवणारं. प्रत्येक बाजूला मी बोटं लावून बघायचे. रस्त्याकडं पाच बोटं. पलीकडच्या देवळाकडं चार. नदीकडं मात्र हात जाईल तसा भुगाच येत होता. खरवडावं तरी भीती आणि न खरवडावं तरी भीती. बाई बादली धरून उभ्या. शेवटी तिथंही घट्ट लागलं. बोटं लावली. तीन. पुन्हा लावली. तीनच. माझी बोटं जाड आहेत म्हणून बाईंनी त्यांची बारीक बोटं लावून बघितली. त्यांचीही तीनच.

साहेब आले, आत टॉर्च मारला, हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. ते म्हणाले, "काम स्वच्छ केलंय. नदीकडची भिंत कमी आहे. त्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवाव्या लागतील, वरचा शेंडाही. भार कमी झाला तर खोड तग धरेल. जखम उघडी ठेवायची. रस्ता वळवा."

झाड राहिलं. अर्धं. नदीकडच्या फांद्या उतरवल्या त्या दिवशी मी घरी बसून राहिले. जास्त फुलं त्याच बाजूला पडायची, हे मला ठाऊक होतं. बाईंना मीच तर दाखवलं होतं.

कुणा स्थानिक वार्ताहरानं फोटो काढला. बाईंनी मला पुढं ओढलं, "यांना घ्या, यांनी कोरलंय सगळं." पेपरात आलं ते असं: पेणच्या दोन महिलांनी वाचवली बकुळ. घ्या! माझं जोहे इथंही पेणनं गिळलं. नवरा पोट धरून हसला.

वैशाखात ओवळी फुलली. म्हणजे फुलली म्हणायचं. पूर्वी खाली सडा असायचा, आता पालापाचोळ्यात शोधावं लागत होतं. पहिल्या दिवशी मी उजाडायच्या आत गेले, वाकून वाकून वेचली, तरी वाटीचा तळ जेमतेम झाकला. दम घ्यायला बाकावर टेकले, तेवढ्यात पुलाकडून बाई येताना दिसल्या, हातात त्यांची रिकामी वाटी. आणि माझा हात आपोआप गेला. मी वाटी पदराखाली झाकली.

बाई बाकावर माझ्या शेजारी टेकल्या. वर बघितलं, खाली बघितलं. "अजून आली नाहीत का फुलं?"

"नाय," मी म्हटलं. "या वर्षी उशीर दिसतोय."

"येतील. एवढं सोसलंय तिनं." त्या आपली रिकामी वाटी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्या वाटीकडं बघत मीही बसले. ह्या बाईनं माझ्यासाठी माणसांना गप्प केलं होतं. दहा दिवस माझा कुजका भुगा वाहिला होता. माझा सांधा तिनं घरात मांडून ठेवलाय. आणि मी मूठभर फुलं लपवून बसलेय.

"आली हायत," मी म्हणाले. "मी लपवलीत."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मघापासून वास येतोय."

मी वाटी काढून आमच्या दोघींच्या मधे ठेवली. एक फूल त्यांच्या वाटीत, एक माझ्या पदरात, अशी वाटणी केली. शेवटी एक फूल उरलं.

ते मी घेतलं.